सेलवरची टेप

फिलमन उईकेचं नाव
सहा रेकॉर्डींच्या पाठीवर आहे,
बारीक अक्षरात, एकदा चुकलेलं.
पुढं ट्रम्पेटवाला हसतोय.

सातवं रेकॉर्डिंग सिंदेवाहीजवळच्या राईस मिलमधलं.
डबल बेस कोंड्याच्या पोत्याला टेकलेला,
शेजारी डाहाका घेऊन देवाजी,
आणि मिलच्या पट्ट्याची फटफट.
तिला कुणी बोलावलं नव्हतं,
पण ती तालात होती.

मग लाइन गेली.
मिल थांबली. देवाजीही थांबला,
म्हणाला, "झाला का जी?"

टेप सेलवर होती.

पुढचे चाळीस सेकंद
एक जाड तार, तिच्यावर बोटाचं घासणं,
खाली बसत जाणारी धानाची धूळ,
आणि कुणाच्याच मागं नसलेला
फिलमन.

मग लाइन आली.