टिचकी

सांवेर रोडला, कूलरच्या टाक्या बनवणाऱ्या शेडमागे
दोन होड्या उपड्या पडलेल्या.
एक पिवळी, फायबरची, शेवटचा हात अजून चिकट,
राळेचा वास थेट टाळूला जाऊन बसतो.
दुसरी ॲल्युमिनियमची. तिला रंगच नाही.
रुंद, पातळ, पंगतीतल्या परातीसारखी.

गेंदालालनं पिवळीला टिचकी मारली.
ठप्प. पिकलेल्या कलिंगडासारखं.
मग दुसरीला.
ती बोलतच राहिली,
आमच्या घरी पातेलं पडल्यावर
सुमित्रा आतून "काही नाही, काही नाही" म्हणते तोवर.

"मछली सुन लेगी," तो म्हणाला.
त्याच्या मते माशाला सगळं अंगानं ऐकू येतं.
मला कानानंही नाही. एकतीस वर्षं
यशवंतसागरच्या पंपहाउसात मोटरींशेजारी काढली,
डावा कान तिथंच राहिला.
निम्म्या शहराला पाणी पाजलं
आणि त्या पाण्यावर एकदाही गेलो नाही.
पोहता येत नाही.

आता ग्रॅच्युइटीतले पैसे माझे, हात त्याचे.
घरी सांगितलं तेव्हा सुमित्रा एवढंच म्हणाली,
"मासा उंबऱ्याच्या आत नको."

मालकाचा पोरगा हिशेब सांगून राहिला:
फायबर उन्हात इतकं तापत नाही,
तडा गेला तर काचेचं कापड नि राळ, दोन दिवसांत नवी.
ही दुसरी वीस हजारांनी महाग,
मे महिन्यात बूड टेकवू देणार नाही तुम्हाला,
पण दगडावर आपटली तर पोचा येईल,
फुटणार नाही.

दगड गेंदालालला ठाऊक आहेत.
पाणी उतरलं की आधी एका विहिरीचा कठडा वर येतो,
मग चिंचेचा बुंधा, मग कुणाच्या तरी जोत्याचा कोपरा.
त्याच्या बापाची लाकडी नाव तिथंच फाटली.
तरी तो पिवळीभोवतीच फिरत होता,
तळवा टेकवायचा, काढायचा.

"उचलून बघू," मी म्हटलं.
पिवळी: आम्ही दोघे, तो पोरगा आणि एक वेल्डर,
चौघांनी गुडघ्यापर्यंत आणली नि ठेवली.
दुसरी: आम्ही दोघेच.
दोघांचं वय मिळून एकशे तेहतीस,
त्यात त्याचं गेल्या वर्षीचं हर्नियाचं ऑपरेशन.
तरी उठली. कमरेपर्यंत.
शेडच्या दारापर्यंत चाललोही.

त्याचा मुलगा पिथमपूरला गाड्यांच्या सीटा शिवतो.
माझी मुलगी पुण्याला.
काठावर तिसरं कुणी नसणार,
हे आम्ही कुणीच मोठ्यानं म्हटलं नाही.
गेंदालालनं हात झटकले.
"यही ले लो. बोलती है तो बोलने दो."

पावतीवर नाव कुणाचं, पोरानं विचारलं.
तो म्हणाला, राव साब का. मी म्हणालो, गेंदालाल कहार.
त्यानं दोन्ही लिहिली, माझ्यात एक काना जास्त.

पहिल्या दिवशी मी एक गुंडाळी घेऊन गेलो.
जुनं पॅनल बदललं तेव्हा भंगारात निघालेली
काळी रबरी चटई, शॉक लागू नये म्हणून अंथरलेली.
किलोच्या भावानं सोडवून आणली होती;
कशाला, ते तेव्हा सांगता आलं नसतं.
दोन जागी माझ्या टाचांचे खळगे.
होडीच्या तळात ती मावेना, कडेनं कापली.
मग वर वल्हं टाकून पाहिलं.
ठप्प.
गेंदालाल हसला, पहिल्यांदाच त्या होडीकडे बघून.

काठ सुटला.
मी चटईवर, त्याच खळग्यांत पाय रोवून,
सवयीनं उभा, हात पाठीमागे,
नजर समोर, जणू मीटरचा काटा दिसणार आहे.
खाली कुठं तरी आमचा पाइप असेल,
ओढत.

"बैठ जाओ, राव साब," गेंदालाल म्हणाला.
"उलट जाएगी."