प्रश्न चौथा

दर जानेवारीत तोच फॉर्म येतो, युरोपातून.
प्रश्न चौथा : देशात बर्फाची मैदानं किती?
मी शून्य लिहिते.
नीट, गोल, तोंड जुळवून.
वॉल्विस बेच्या मासळी कारखान्यात
सतरा वर्षं हिशेब लिहिलेला हात आहे माझा,
त्याला शून्याची लाज वाटत नाही.

प्रश्न पाचवा : चाकांच्या हॉकीची मैदानं?
दोन. एकावर छप्पर.
दुसऱ्यावर सकाळी नऊपर्यंत समुद्राचं धुकं खेळतं,
मग आमची पोरं.

महासंघ म्हणजे मी, रौना हाइम्बोडी, सचिव,
अध्यक्ष डिटलेफ ब्रोकमान, ज्याचं टायरचं दुकान,
एक शिक्का, एक पत्र्याचं कपाट
आणि त्याची किल्ली,
जी नेहमी दुसऱ्याच कुणाच्या गाडीत असते.

पूर्वेचा वारा सुटला की वाळवंट
तिकीट न काढता आत येतं,
बेअरिंगमध्ये घर करतं.
नियमांच्या पुस्तकात वाळू नाही.
म्हणून आम्ही ठराव करून ओळ घातली :
पंचाला गोलरक्षक दिसेनासा झाल्यास खेळ थांबवावा.

विंडहुकच्या एका पोराने पंचावर स्टिक उगारली.
बंदी किती सामन्यांची?
वर्षात सामनेच अकरा.
दोन दिले, आणि पंचाच्या घरी जाऊन
त्याच्या बायकोच्या हातची कॉफी प्याले.
याला शिस्तपालन समिती म्हणतात.

यंदाच्या सभेत ब्रोकमान उभा राहिला :
नावातला बर्फ काढून टाकू.
लेटरहेडवर जागा वाचेल,
बँकेतली मुलगी हसायची थांबेल.
तीन हात वर, तीन खाली.
घोडं अडलं ते त्याच्याच निर्णायक मतावर.

दाराशी उएरिकुआ कावारी बसली होती,
बारा वर्षांची, आई न्यायला यायची होती.
पॅडचं बक्कल सोडता सोडता म्हणाली,
"मग आम्ही सराव कशाचा करतोय?"

इतिवृत्तात हे नाही.
सभासद नसलेल्याचं बोलणं नोंदवता येत नाही,
तो नियम मीच लिहिलाय.
ब्रोकमान बराच वेळ चष्मा पुसत राहिला.
ठराव बारगळला, इतकंच लिहिलं.

शनिवारी मी तिला कारखान्यात नेलं.
उणे बावीसची खोली.
हेक माशांच्या पेट्यांमधून पाणी गळून
जमिनीवर गोठलेला, पलंगाएवढा तुकडा.
रबरी बुटांनी उभी राहिली. आपटली. पुन्हा उभी.
फोरमन दार धरून : दोन मिनिटं हं बाई, वीज जळते.
ती वाकून, हातमोजा काढून,
तळव्याने चाचपत होती,
जशी आपण परक्या घरातली भिंत चाचपतो
दिव्याच्या बटणासाठी.

"माशाचा वास येतो," एवढंच म्हणाली गाडीत.
आणि मग, पुलापाशी, "पुढच्या शनिवारी?"

फॉर्म टेबलावर आहे.
प्रश्न चौथा. शून्य.
धुक्यामुळे शाई वाळत नाहीये अजून.