चाळीस लिटरची भरती

लातूरहून समुद्र एका रात्रीच्या एसटीवर.
तरी प्रयोगशाळेत, मागल्या भिंतीशी,
दर अर्ध्या मिनिटाला भरती येते.
पत्र्याचं तबक, मांजरेची चाळलेली वाळू,
एका टोकाला जुन्या जीपच्या वायपरची मोटार
आणि चाळीस लिटर पाणी.
मार्चपासून तेच, फडक्यातून गाळून.

मी कॅमेरा लावून बसते.
पाणी खाडीत शिरतं, निघून जातं.
हजाराव्या भरतीला वाळूवर बारीक ओरखडा,
पुढे त्याला फाटे.
मग एखादा फाटा कारण नसताना बुजतो
आणि शेजारचा रुंदावतो.
या कारण नसण्यासाठी
समीकरणात मी एक अक्षर ठेवलंय.

मैनोद्दीनमामा झाडू टेकवून बघतात.
"जायलंय काय, येयलंय काय.
चंद्र कुठंय मॅडम तुमचा?"
मी मोटारीकडे बोट दाखवते.

परवा लाइट गेली, एकोणीसशेव्या भरतीत.
मी घरी निघून गेले.
सकाळी बघते तर वही भरलेली,
उर्दू आकड्यांत, पहाटे पाचपर्यंत.
मामांनी तबक हातानं हलवलं होतं.
"थांबलं असतं तर समदा गाळ खाली बसला असता की."

मुख्य प्रवाह डावीकडे सरकलाय,
तीन बोटं.
मामा डावखुरे.

अहवालात हे कुठल्या रकान्यात लिहू?
मी पुन्हा पट्टी लावते.
मागून मामा विचारतात,
तिकडं समुद्राला लाइट गेल्यावर
रातच्याला ड्युटीवर कोण असतं.