नळी काढायचा दिवस

पुंता अरेनासला वारा सुटला
की नगरपालिका रस्त्याकडेला दोर बांधते,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
अशा गावात डोळ्यांतून पाणी येणं
कुणी दुखणं धरत नाही.

एलिसेओ बार्रिया सात वर्षं थांबून आला.
चाळीस हंगाम मेंढ्या कातरलेले हात.
उजव्या गालावर पाण्याची पायवाट,
कातडी तिथली सोललेली.
"बाई, बायको गेली तेव्हा
लोक म्हणाले, किती रडतोय बिचारा.
मी रडत नव्हतो.
डोळा गळत होता."

नाकाच्या हाडात खिडकी पाडली,
करंगळीच्या नखाएवढी.
मग दर वेळचा तोच प्रश्न,
नळी ठेवू की नको?

माझ्या वहीत दोन रकाने.
नळीवाले एकशे बारा, बिननळीचे अठ्ठ्याण्णव.
दोन्हीकडे दहातले नऊ कोरडे.
दहावा कशानं बुजला
ते रकान्याला सांगता येत नाही.
कुणाची वाट नळी नव्हती म्हणून मिटली,
कुणाची नळीभोवतीच मांस धरून.
दोन्या ओफेलियाला काचेची बसवली होती,
ती शिंकेसरशी उडून सूपच्या बशीत पडली.
ती हसत सांगत होती,
मला त्या रात्री झोप नाही.

ज्यांच्या हाताखाली शिकले ते म्हणायचे,
शंका असली तर घाल.
शंका नाही असा दिवस
अजून उजाडायचाय.

घातली. सिलिकॉनची, गिटारीच्या तारेइतकी बारीक.
आठव्या आठवड्यात डोळ्याच्या कोपऱ्यात कात्रीचा एक कट,
आणि नाकातून ओढून घेतली.
त्यानं तळहातावर धरून पाहिली.
"एवढीशीच?"

मार्चमध्ये पुन्हा आला, बोलावलं नसताना.
धाकटा भाऊ सामुद्रधुनीत बुडाला होता,
खेकड्यांच्या सापळ्यांसकट.
"पुरताना गाल कोरडे," म्हणाला,
"घशात मात्र खारट उतरत राहिलं, सारखं.
या वेळी लोक म्हणाले, दगड आहे.
आसवं गिळणं म्हणतात, ते हेच का हो बाई?"

मी दिवा लावून आत पाहिलं.
वाट उघडी होती, कडा गुलाबी, स्वच्छ.
वहीत लिहिलं, यशस्वी.
त्याच्यापुढे काही लिहायला
रकाना नव्हता.

खिडकीतून दिसला तो,
एका हातानं दोर धरून चाललेला,
दुसऱ्या हातानं, सवयीनं,
उजवा गाल पुसत.