पलतड

दोन्ही गावं समोरच्या काठाला पलतडच म्हणतात.
म्हणून लेबलवर नीट लिहावं लागतं:
पाल क्रमांक सतरा, नर, तालुका देवगड,
खाडीच्या दक्षिणेचा सडा,
सुट्या चिऱ्याखाली, रात्री पावणेनऊ.

जनू तारी बॅटरी धरतो.
पूल झाल्यापासून त्याची तर किनाऱ्यावर पालथी पडलीय,
म्हणून रात्री मोकळ्या.
मी भिंगातून मांडीखालची छिद्रं मोजते. सात.
उत्तरेच्या सड्यावर काल बारा होती,
परवा अकरा, बारा, बारा.
"पाल ती पाल," जनू म्हणतो.
"हयली काय नि थयली काय."

त्याला सांगते: सडा कधीतरी एकच असणार.
मग पाणी आत शिरलं, मधला कातळ खचला,
आणि पालीसाठी तर कोणी घातली नाही.
कुठल्याच अंड्यातून परकं पिल्लू निघालं नाही.
प्रत्येक पिल्लू आईसारखंच,
ती तिच्या आईसारखी.
अशी लाखभर आयांची रांग मागे मागे चालत गेलं
तर शेवटची आई दोन्ही काठांची निघते.
वेगळं झाल्याची तारीख नाही.
बारसं तेवढं आम्ही करतो,
तेही उशिरा, लॅटिनमध्ये, आपसात भांडून.

"पण जात ठरवतास कशी?"

तीन व्याख्यांतली सोपी सांगते:
ज्यांचं आपसात जमतं
आणि पोरांना पुढे पोरं होतात, ती एक.
(उरलेल्या दोन मला दिवसा पटतात.)

जनू बॅटरी विझवतो. सेल वाचवायला असेल.
खाली भरती चढतेय,
कांदळाच्या मुळांत पाणी बुडबुडतंय.

"मगे माझ्या चेडवाच्या लग्नाक
वाडी कित्याक नाय इली?
पलतडीच दिला हा.
दोन झिल हत तिका.
थोरलो शाळेत जाता."

माझ्या पुस्तकात ह्याचं पान नाही.
कापडी पिशवीत सतरा नंबर
एकदा सरपटतो, मग गप्प.
शेपटीचं टोक कुपीत गेलंय, स्पिरिटमध्ये;
ते पुण्याला जाईल, महिन्याभरानं
चार अक्षरांची लांबच लांब ओळ होऊन परत येईल,
आणि तीही सांगणार नाही
किती फरक म्हणजे पुरेसा फरक.

जनू पुन्हा उजेड पाडतो.
"परत मोजा. सातच हत काय?"

सात.
आणि कडेला एक अर्धवट,
खवल्याआड दडलेलं.
धरायचं की सोडायचं
ह्यावर आम्ही दोघं बराच वेळ वाकून.