मीठ उतरवताना

ईरी सरोवरावरचा बर्फ तडकू लागला
की मी बाहेरचा नळ उघडतो.
पारा पंचेचाळीसवर, इथल्या हिशेबाने. ऊन फिकं.
समोरच्या डोम्ब्रोस्कीबाई पडदा सारून बघतात,
या माणसाला रविवारी दुसरं काही सुचत नाही.

आधी नुसत्या पाण्याने मीठ उतरवायचं.
आई मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची,
तडतडलं की दृष्ट निघाली म्हणे.
इथे पालिकेचा ट्रक चार महिने
रस्त्यावरून मीठच ओवाळत जातो.
खाल्ल्या मिठाला जागणं राहिलं बाजूला,
मीठच खातं सगळ्याला.

मग दोन बादल्या. एकीत साबण,
बाळाच्या टाळूला चालेल इतका सौम्य.
दुसरीच्या तळाशी जाळी,
खडे खालीच बसावेत म्हणून.
फडकं वरून खाली, सरळ.
गोल फिरवलं की उन्हात कोळिष्टकं उमटतात.

फिल्मच्या कडांना जपायचं.
जोराचा फवारा धरला की टोक उचलतं,
आणि त्याखाली काळी रेघ,
नखातल्या मळासारखी, जन्मभराची.

लेनर्ड पिएत्रशाकने लावली ती, आठ वर्षांपूर्वी.
म्हणाला, ही कातडी आपली आपण भरते.
बारीक ओरखडा आला तर गरम पाणी ओत,
नाहीतर उन्हात उभी करून विसरून जा.
मी ओततो किटलीतलं, हाताला सोसेल तेवढं.
रेघ मिटते.
दरवेळी बघत राहतो,
दरवेळी थोडा रागही येतो.

कारण उजव्या फेंडरवर, फिल्मच्या खाली,
‘शा’ आहे.

रविवारच्या मराठी वर्गात नुकतं शिकलेलं,
किनाऱ्यावरून आणलेला चपटा खडा,
आणि हप्त्यावरची नवी कोरी गाडी.
शाल्मली लिहायचं होतं तिला.
पुढे जोडाक्षर. ‘ल’ अर्धा, की ‘म’?
जीभ बाहेर काढून ती विचार करत होती
तेवढ्यात मी दार उघडलं.

पाचही बोटं उमटली गालावर.
ती सात वर्षांची, मी चाळिशीला आलेला.
त्यानंतर ती वर्गाला गेली नाही.
मीही म्हटलं नाही, चल.
कुठल्या तोंडाने म्हणणार.

लेनर्डने विचारलं होतं, आधी हे भरून रंगवू?
बेडूक आहे का हा?
नको म्हटलं. तसंच झाक.
त्याने खांदे उडवले, साबणपाणी मारलं,
रबरी पट्टीने फुगे हाकलत कडेला नेले.
तेव्हापासून ते अक्षर तिथे,
ना भरलं, ना गंजलं.

आता फिल्म पिवळी पडतेय.
परवा लेनर्ड म्हणाला, हिचे दिवस भरले,
उन्हाळ्यात काढू, गरम करत करत, तिरकी ओढत.
पण रंग जिथे आधीच फुटलाय
तिथला सोबत निघून येईल.
शब्द देत नाही.
कळवतो, म्हटलंय मी.

जूनमध्ये शाल्मली सोळाची होईल,
शिकाऊ परवाना, मग हीच गाडी.
आत्ता पायरीवर बसलीय, कानात काहीतरी खुपसून.
कोरडं फडकं दे, म्हणतो. ती देते.
मग आपणच दुसरं उचलून
उजवीकडे जाते.
घासत नाही, नुसतं टिपते. कुणी शिकवलं?
मी खाली बसून चाक घासतोय,
मला तिचे बूट तेवढे दिसतात.
फेंडरपाशी येऊन थांबलेले.

बराच वेळ थांबलेले.

‘ल’ अर्धा, की ‘म’?
वरून आवाज येतो.

‘ल’, म्हणतो मी,
आणि चाक घासत राहतो.
ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.