पडताळणी

जुलैतही इथे स्वेटर लागतो.
गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र, फोटोत डोळे मिटलेले,
काखेत एकशे बारा घरांची यादी.
एवढ्या भांडवलावर मी लाँगटनच्या चढावर उभी.
ग्लेनिसने बजावलं होतं, दार तीनदाच वाजव,
चौथ्यांदा वाजवलंस तर त्यांना वसुलीवाला वाटतो.

पहिल्या घरात कुत्रा.
दुसऱ्यात पडदा हलला, आणि हलायचा थांबला.
तिसऱ्यात अर्ध्या दाढीला फेस लावलेला एक बाप्या म्हणाला,
सगळे एकाच माळेचे मणी –
म्हणजे त्याच अर्थाचं काहीतरी, त्याच्या भाषेत.
दार लावता लावता वर म्हणाला,
'तुझ्यावर राग नाही हां, डक.'

डक. स्टोकमध्ये सगळ्यांनाच डक म्हणतात,
नर्सला, पोलिसाला, सुटे पैसे मागणाऱ्यालाही.
पहिल्या दिवशी मी काचेत माझी चाल तपासली होती.

यादी हातात आली की माझा अंगठा
बाबांसारखा ओळीवरून सरकायला लागतो.
बाबा झेडपीचे मास्तर. मे महिन्यात शाळा बंद,
मतदार यादी उघडी.
कागलच्या उन्हात टोपीखाली ओला रुमाल घालून
ते उंबऱ्याउंबऱ्याशी विचारत फिरायचे,
आहेत का, गेले का, की दुसरीकडे गेले?
लाल पेनाने तीनच शब्द:
मयत. दुबार. स्थलांतरित.
मला लहानपणी वाटायचं
माणसं तेवढ्याच प्रकारची असतात.

सत्तेचाळीस नंबरला मिसेस कोकली.
लिहिताना कोलक्लफ, म्हणताना कोकली.
मला हसू आलं, मग तिलाही.
चाळीस वर्षं तिने कपांच्या काठावर सोन्याची रेघ ओढली.
कारखाना गेला, भट्टीच्या जागी गाड्या उभ्या राहतात,
हात अजून थरथरत नाही.
फॉर्मवर तिच्या नावाखाली छापून आलेलं: रेजिनाल्ड.
'मार्चमध्ये गेला,' ती म्हणाली.
आणि थोड्या वेळाने,
'राहू दे ना. आता एवढंच एक पत्र येतं त्याच्या नावाने.'
मी नियम सांगितला. नियम सांगताना आवाज
बाबांचा येतो माझा.
तिने माझ्या हातातून पेन घेतलं
आणि स्वतःच रेघ ओढली,
कपावर ओढायची तशी,
एका दमात, कुठेही जाड न होता.

मग चहा. माझा संपल्यावर कप उलटा करून
बुडाचा शिक्का दाखवला, जशी कोणी लेकराची जन्मखूण दाखवावी.
'आणि तू? तुझं नाव कुठल्या यादीत?'
मी? मी शिकायला आलेली. इंडियन पासपोर्ट.
'मग काय झालं? समोरचा नायजेरियाचा पोरगा टाकतो की मत.'
ग्लेनिसला फोन लावला. ती हसली.
'कॉमनवेल्थ, डक. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं,
तू बिस्किटं खात होतीस.'

दीडशे वर्षं न विचारता राज्य केलं यांनी,
आणि आता विचारतायत:
आडनाव ठळक अक्षरात लिहा.

साडेचारला बस स्टॉपवर बाबांचा फोन.
तिकडे जेवणं उरकलेली, मागे भांड्यांचा आवाज.
रिटायर व्हायला आठ महिने, तरी यंदाही यादी गळ्यात,
आणि नेमकी आपलीच गल्ली.
शिंपी काका मयत. पाटलांची सून दुबार, माहेरी पण आहे नाव.
मग नुसताच कागदाचा आवाज.
'तुझ्या नावापुढे काय लिहू?'
नियम काय म्हणतो, बाबा?
'नियम मला पाठ आहे.
मी तुला विचारतोय.'

बॅगेत एक कोरा फॉर्म होता, चहाचा डाग पडलेला.
बस आली. दार उघडं ठेवून ड्रायव्हर म्हणाला,
'चढतेस ना, डक?'